उंदरांविषयी थोडेसे

आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा मी नेमकं काय केलंय, याची चौकशी मंडळातल्या कुणीही केलेली नव्हती. कलकत्त्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आमच्या प्रयोगशाळेबद्दल चार ओळी आल्या होत्या आणि त्यात माझं नाव होतं. 'सबनीस'चं स्पेलिंग वाचून मी गुजराती वाटले असते, पण मंडळाच्या नजरेतून मराठी माणूस सुटत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि माझंच व्याख्यान, असा बेत पक्का झाला. म्हणजे सत्कार माझा आणि करमणूकही मीच करायची.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. विनायक, माझा नवरा, बँकेत होता आणि नऊ वर्षांपूर्वी इंदूरहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याच्या भवानीपुरात राहायला आलो होतो. बंगालीत उंदराला 'इंदूर' म्हणतात. त्यामुळे विनायक बँकेत मोठ्या अभिमानाने 'मी इंदूरचा' म्हणाला की सगळी शाखा हसायची. पुढे बायको दिवसभर पांढऱ्या उंदरांत असते हे कळल्यावर त्याच्या सहकाऱ्यांनी पत्रिका फारच बारकाईने जुळवली असणार असा निष्कर्ष काढला.

एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस आमच्याकडे आले. अध्यक्ष श्यामराव देवस्थळी हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातले मोठे अधिकारी. बोलताना ते प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायचे, समोरच्याने टिपून घ्यावं म्हणून. चिटणीस दत्तात्रय खानवलकर कलकत्त्यातच जन्मलेले, छापखान्याचे मालक. त्यांच्या मराठीत बंगाली अशी मिसळलेली होती की कुठे एक संपून दुसरी सुरू होते ते त्यांनाही कळत नसे.

"तर विषय काय ठेवायचा?" श्यामरावांनी विचारलं.

"उंदरांमधला स्तनाचा कर्करोग," मी म्हणाले.

खानवलकरांनी चहाचा कप खाली ठेवला. श्यामरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"कर्करोगाचं ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "आधीचा शब्द गाळता येईल."

"तो कुठे होतो ते मग कसं सांगू?"

"उंदरांना होतो म्हणायचं. पुरे."

"एकदम भालो," खानवलकर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं की मी उंदरांचं नक्की करते काय. मी सरळ सांगितलं. माझे उंदीर साधे नव्हते. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी कित्येक पिढ्या सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावून ही जात मुद्दाम घडवली होती. त्यामुळे ते सगळे आतून जवळजवळ एकसारखे, आणि त्यांतल्या बहुतेक माद्यांना वय झालं की गाठ येणारच. ती कशी सुरू होते, कशाने टळते, हे त्यांच्यावर पाहता येतं.

"सख्ख्या भावाबहिणींच्या?" श्यामरावांनी विचारलं.

"हो. वीस पिढ्या तरी लागतात."

"सभेला कुटुंबं येणार आहेत, कालिंदीताई. सगोत्र लग्न म्हटलं तरी आपल्याकडे लोक उठून जातात. हे नको."

मी म्हटलं, मग दुधाचं सांगते. या जातीचं पिल्लू जन्मताच आईपासून उचललं आणि दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीकडे दूध प्यायला ठेवलं, तर पुढे त्याला बहुधा गाठ येत नाही. कारण यांच्या आईच्या दुधातून एक विषाणू पिल्लात जातो.

यावर श्यामराव उभेच राहिले. "आईच्या दुधातून रोग? संक्रांतीच्या दिवशी?"

म्हणजे स्तन नको, भाऊबहीण नको आणि आईचं दूध नको. माझ्या आठ वर्षांच्या कामातून एवढं वजा केल्यावर उंदीर तेवढे उरले. खानवलकरांनी निमंत्रणपत्रिका आपल्या छापखान्यात छापली. विषय होता: 'उंदरांविषयी थोडेसे'.

विनायकने ती पत्रिका वाचली आणि म्हणाला, "जाऊ नकोस."

"जाणार. आणि एक उंदरीणही नेणार. बोलायला काही ठेवलं नाहीये त्यांनी, निदान दाखवते तरी."

प्रयोगशाळेतून मी एक म्हातारी मादी निवडली. तिच्या पुढच्या पायाच्या मागे, काखेपाशी, सुपारीएवढी गाठ होती. उंदरांची स्तनग्रंथी गळ्यापासून मांड्यांपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ कुठेही निघते. पिंजऱ्याला जुनी शाल गुंडाळून मी टॅक्सी केली. आत काय आहे, असं टॅक्सीवाल्याने विचारलं. मी 'इंदूर' म्हटल्यावर त्याने वळून आधी पिंजऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. त्या दिवशी भेटलेल्या पुरुषांत सर्वांत समजूतदार तोच निघाला.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंचावर गणपतीची मोठी तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि तसबिरीत देवाच्या पायाशी लाडू खाणारा लठ्ठ उंदीर. त्याच्या शेजारी मी माझा पिंजरा ठेवला. श्यामराव धावत आले.

"हे इथे नको. मंचाची काही शोभा असते."

"इथे एक आहेच की," मी तसबिरीकडे बोट दाखवलं.

"तो वेगळा. हे सगळं स्वयंपाकघरात ठेवा. बायका आहेत तिथे."

देवस्थळीसाहेबांनी आयुष्यात दिलेला हा बहुधा सर्वांत उपयोगी हुकूम असेल, आणि तो त्यांनी शोभेसाठी दिला होता.

हॉलच्या मागे शाळेची एक लांबट खोली होती. तिथे मंडळाच्या दहाबारा बायका स्टोव्हवर गुळाच्या पोळ्या करत होत्या. गूळ इथला, खजुराचा, त्यामुळे सगळ्या खोलीला धुरकट गोड वास सुटला होता. व्याख्यानाला त्यांतली एकही येणार नव्हती. कुणी तसा नियम केलेला नव्हता. पोळ्या गरम वाढायच्या असतात, एवढंच.

मी पिंजरा पिठाच्या डब्यांपासून लांब, खिडकीत ठेवला. पहिली ओरड झालीच. "अगं बाई, अन्नात उंदीर!" म्हणाल्या सरलाताई, खानवलकरांच्या वहिनी. वयाने सगळ्यांत मोठ्या आणि कशालाही न बिचकणाऱ्या. पण ओरडून झाल्यावर त्याच सर्वांत आधी जवळ आल्या.

"हिला काय झालंय इथे?"

"स्तनाचा कर्करोग," मी म्हणाले.

खोलीत काही कोसळलं नाही. स्टोव्ह चालू राहिला. एकीने पोळी उलटली.

"उंदरांनाही होतो?" सरलाताई म्हणाल्या. "माझ्या मावशीला झाला होता. गेली. घरात सांगायचे, पोटाचं होतं."

"माझ्या जावेच्या आईलाही," पलीकडून कुणीतरी म्हटलं.

मग प्रश्नच प्रश्न. मी उंदरीण तळहातावर घेतली, मानेची कातडी धरली आणि म्हटलं, "हात लावून बघा. टणक लागते. बोराच्या बीसारखी." कणकेचे हात पुसून एकेक जण पुढे आली. मी भावाबहिणींचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. तसंही बसायला खुर्च्या नव्हत्या.

प्रेमलतावहिनी शेवटी आल्या. या श्यामरावांच्या पत्नी, पन्नाशीच्या, अबोल. मंडळात त्या अध्यक्षांच्या मागे दोन पावलं चालायच्या आणि त्यांची छत्री धरायच्या. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही.

"दुखतं का हिला?"

"सुरुवातीला नाही दुखत, वहिनी. तेच वाईट. दुखलं तर बाई निदान कुणाला सांगते तरी."

"दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं नाही का?"

"नाही."

त्यांनी बोट काढून घेतलं, पदराला पुसलं आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसल्या. तेवढ्यात खानवलकर मला बोलवायला आले.

व्याख्यान उत्तम झालं. समोर सगळे पुरुष आणि पहिल्या रांगेत झोपलेली दोन मुलं. मी म्हणाले की उंदरांना एका ठिकाणी एक रोग होतो, तो एका मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि एका विशिष्ट प्रकारच्या विवाहपद्धतीमुळे त्याचा अभ्यास सोपा होतो. श्यामराव समाधानाने मान हलवत होते. प्रश्नोत्तरांत बेहाला भागातल्या एका गृहस्थांनी विचारलं की कोठारातल्या उंदरांना कोणतं औषध घालावं. दुसऱ्यांनी पिंजरा बरा की औषध बरं, असा मुद्दा काढला आणि सभा एकदम रंगात आली. विज्ञानाबद्दल आपल्या समाजात आस्था नाही असं म्हणणाऱ्यांनी ती चर्चा ऐकायला हवी होती.

तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षी कलकत्त्यात वीज जाण्याचं कुणाला आश्चर्य वाटत नसे, पण हॉलमध्ये पेट्रोमॅक्स कुणी आणायचा होता यावर कार्यकारिणीत वाद पेटला. पेट्रोमॅक्स काही पेटला नाही. मी भिंतीला धरून मागच्या खोलीत आले, उंदरीण थंडीत उघडी राहायला नको म्हणून. तिथे दोन मेणबत्त्या लावून बायकांचं काम चाललं होतं.

खिडकीपाशी अंधार होता. मी पिंजऱ्यावर शाल घालत असताना कुणीतरी माझं मनगट धरलं. हात पिठाने खरखरीत होता. प्रेमलतावहिनींनी माझा हात पदराखाली नेला आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, दाबला.

"इथे."

मी डॉक्टर नव्हते. पण त्या प्रकारची गाठ बोटांना कशी लागते हे कलकत्त्यात माझ्याइतकं कमी जणांना ठाऊक असेल.

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या आधीपासून. आधी मसुरीएवढी होती."

"साहेबांना सांगितलंत?"

अंधारात त्या हसल्या असाव्यात. "काय म्हणून सांगू? आमच्या घरात त्याला शब्दच नाही. मुलगी झाली तेव्हा दूध येईना, तर मी त्यांना सांगितलं होतं, बरं वाटत नाही. त्यांनी लिंबाचं सरबत आणून दिलं."

"वहिनी, उद्या माझ्याबरोबर इस्पितळात यायचं."

"उद्या हळदीकुंकू आहे."

"मग परवा."

परवा त्या आल्या. घरी सांगितलं होतं, न्यू मार्केटला लोकर घ्यायला जाते. इस्पितळातल्या मित्र आडनावाच्या बंगाली डॉक्टरबाईंनी तपासलं, गाठ किती हलते पाहिलं, काख चाचपली. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "एतो दिन की करछिलेन?" इतके दिवस करत काय होतात? प्रेमलतावहिनींना बंगाली चांगली येत होती. त्यांनी उत्तर मराठीत दिलं: "पोळ्या."

सुईने तुकडा काढून तपासला आणि निकाल आला. शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती, पूर्ण स्तन काढायचा. इस्पितळाला नवऱ्याची सही हवी होती. शरीर वहिनींचं, पण अंतिम मंजुरी हिशेब खात्याची.

"तू सांग," त्या मला म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात थांबते."

संध्याकाळी मी त्यांच्या सरकारी घरी गेले. श्यामराव रेडिओ लावून बसले होते. त्यांना वाटलं, मी पुढच्या व्याख्यानाबद्दल आलेय.

"वहिनींना गाठ आहे," मी म्हणाले. "तपासून झालंय. कर्करोग आहे. ऑपरेशन करायचंय, याच आठवड्यात."

"कुठे?"

"इस्पितळात."

"तसं नाही. कुठे म्हणजे..." त्यांनी आपल्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "छातीत?"

"स्तनात, साहेब."

त्यांनी रेडिओ बंद केला. मग पुन्हा लावला. मग बंद केला. मला वाटलं होतं, ते चिडतील, मला बाहेर काढतील. मी मनात त्याची उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. पण तसं काही झालं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मला म्हणाली, लोकर आणायला जाते. आणि लोकर आणलीही तिने."

"हो. मीच निवडली. निळी."

त्यांनी सही केली, मराठीत. नेहमी ते इंग्रजीत करत.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दोन दिवसांत मंडळभर बातमी झाली की देवस्थळीवहिनींना हृदयविकाराचा झटका आला. ती कुणी पसरवली ते विचारायला नको. 'छातीचं दुखणं' असं म्हटलं की सभ्य माणसाने काय समजायचं ते समजावं. मंडळाचे पुरुष भेटायला आले ते लसणाच्या पाकळ्या, अर्जुनाची साल आणि जिने चढू नयेत हा सल्ला घेऊन. खानवलकरांनी तर मीठ सोडायला सांगितलं. वहिनी सगळ्यांना 'हो' म्हणत होत्या. बायका मात्र आल्या त्या सैल, पुढून उघडणारी पोलकी शिवून. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सरलाताईंनी डावी बाजू कापूस भरून अशी शिवून आणली होती की इस्पितळातल्या नर्सने तो नमुना मागून घेतला. असं त्या जानेवारीत आमच्या मंडळात एकाच बाईला दोन आजार होते, पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा.

मार्चमध्ये एक दिवस वहिनी प्रयोगशाळेत आल्या. श्यामरावांनी त्यांना फाटकापर्यंत आणून सोडलं आणि ते बाहेर रस्त्यावर थांबले. वहिनींनी सगळे पिंजरे पाहिले. मग दाई-आयांच्या पिंजऱ्यांपाशी थांबल्या, जिथे एका जातीची पिल्लं दुसऱ्या जातीच्या मादीला लुचत होती.

"ही वाचतील?"

"बहुतेक."

"माझी शकुन माझ्याच दुधावर वाढली, गं. दूध उशिरा आलं, पण नंतर दोन वर्षं पाजलं मी तिला." त्यांचा आवाज साधा होता, पण त्यांनी पिंजऱ्याची सळई धरून ठेवली होती. "तू त्या दिवशी सांगितलंस. तेव्हापासून झोप नाही."

मी पटकन म्हणाले, "वहिनी, ते उंदरांत. माणसांत दुधातून जातो असं कुणाला सापडलेलं नाही."

"सापडलेलं नाही म्हणजे नाहीच?"

इथे शहाण्या माणसाने 'नाहीच' म्हणायचं असतं. पण मला ते खात्रीने माहीत नव्हतं. त्या वर्षी जगात कुणालाच नव्हतं. "लोक शोधताहेत," मी म्हणाले. "एवढं सांगते, दूध पाजणाऱ्या लाखो बायका आहेत आणि त्यांच्या मुली ठणठणीत आहेत. शकुनने एक करावं. दर महिन्याला स्वतःच तपासावं. काही लागलं तर वाट पाहू नये."

"मग तू शिकव तिला."

"तुम्ही शिकवा. कसं लागतं ते तुम्हाला जास्त माहीत आहे."

त्यावर त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

शकुन बराकपूरला राहायची. तिचे यजमान सैन्यात होते. त्या रविवारी ती आईकडे आली. वहिनींनी मलाही बोलावलं होतं, काही चुकलं तर सुधारायला. पण त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. मी बाहेर श्यामरावांसमोर बसले. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग शकुनचं रडणं आणि त्यानंतर वहिनींचा ओरडा, "रडतेस काय, हात वर कर. असा नाही, पूर्ण वर."

श्यामराव उठले. मला वाटलं, रेडिओ लावायला उठले. ते माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसले.

"हा परत येतो का?"

"उंदरांत येतो बऱ्याचदा."

"माणसांत?"

"येऊ शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं. काखेतल्या गाठीही काढल्यात, ते चांगलं झालं."

"इस्पितळात बसायला जागा असते का? बाहेर?"

"बाक आहे."

"मग मी जाईन तिच्याबरोबर," ते म्हणाले. "ती एकटी गेली तर येताना लोकरच आणत बसेल."

ते खरंच जात राहिले. तो बाक बायकांच्या विभागाबाहेर होता आणि सगळ्या बंगाली बायकांमध्ये हे एकटे गृहस्थ वर्तमानपत्र पसरून बसलेले असत, पहिल्या पानापासून निविदांपर्यंत सगळं वाचत. मंडळात विचारलं की अजून 'हृदयविकार'च सांगायचे. ते मी सोडून दिलं. माणूस एका वर्षात किती बदलणार?

पुढच्या वर्षी त्यांची भोपाळला बदली झाली. आम्ही त्यांना पोहोचवायला हावड्याला गेलो होतो. ऑपरेशननंतर वहिनींच्या डाव्या हाताला सूज राहिली होती, त्यामुळे सामान सगळं श्यामरावांच्या अंगावर: होल्डॉल, पाण्याची सुरई आणि वहिनींची छत्रीसुद्धा. वहिनी पुढे चालल्या होत्या आणि हमालाशी बंगालीत भांडत होत्या. तो जास्त मागत होता. गाडी सुटली तरी त्यांचं भांडण खिडकीतून चालूच होतं.